तुझ्या पथ्यासाठी घेतलेलं घर

ते घर माझ्यासाठी घेतलंय, असं सगळे म्हणत होते. समुद्रकाठचं गाव, मी पळणार होते त्या शर्यतीच्या मैदानापासून तीन किलोमीटरवर दोन खोल्या, पुढे व्हरांडा आणि मागे ऐसपैस स्वयंपाकघर. "हॉटेलात तुझं पथ्य कोण सांभाळणार? इथे तुला हवं तसं करून खाता येईल," असं नवरा म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे आधीच कबूल करते. चोवीस वर्षांच्या संसारात माझ्या खाण्याचा विचार करून कुणी काही ठरवलं, अशी ती पहिलीच वेळ. कामावरच्या दोघींना मी कौतुकाने सांगूनही आले.

मी एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करते. रोज दोनशेच्या वर ताटं जातात आमच्याकडून. प्रत्येक खाटेचं एक कार्ड असतं. कुणाला बिनमिठाचं, कुणाला पातळ, कुणाला दर दोन तासांनी चार चमचे. कार्डावर जे लिहिलंय तेच ताटात जातं. एकाचं ताट दुसऱ्याच्या खाटेवर गेलं तर मला वर जाऊन जाब द्यावा लागतो, आणि द्यावा लागलाच पाहिजे, कारण चुकीच्या ताटाने माणूस आजारी पडतो.

पळायला लागले ते पंचेचाळिसाव्या वर्षी. लिफ्ट बंद होती, चौथ्या मजल्यावर जेवणाची गाडी पोचली की नाही बघायला जिन्याने गेले आणि तिसऱ्यावरच भिंतीला टेकून बसले. एक म्हातारे पेशंट स्वतःची सलाइनची काठी ढकलत आले आणि मला विचारू लागले, "कुणाला बोलवू का?" त्या दिवशी ठरवलं. आधी चालले, मग खांबापासून खांबापर्यंत पळाले, मग कामाच्या आधी मैदानावर जमणाऱ्या बायकांत शिरले. तिथे टपालवाली भेटली. खरोखरच टपाल वाटते ती. तीस वर्षं लोकांच्या जिन्यांवर चढउतार केलेली बाई, पायांत नुसत्या दोऱ्या वळल्यासारख्या शिरा. बोलते कमी, पण जे बोलते ते टिकाऊ असतं.

मागच्या वर्षी मी पहिली हाफ मॅरेथॉन पळायला गेले, एकवीस किलोमीटरची. आदल्या संध्याकाळी कामावर एकाचा निरोपसमारंभ होता. तेलकट, मसालेदार, वर क्रीमचा केक. हसतखेळत सगळं खाल्लं. दुसऱ्या दिवशी बाराव्या किलोमीटरला पोटात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. माझी शर्यत एका पेट्रोलपंपाच्या शौचालयात संपली. रुग्णवाहिकेतल्या नर्सने विचारलं, "काल काय खाल्लं होतं?" आणि मी, दोनशे लोकांची ताटं मोजून पाठवणारी बाई, गप्प बसले. ती लाज वर्षभर माझ्याबरोबर पळत होती.

म्हणून या वेळी काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. आठ महिने तयारी केली. कुठल्या जेवणानंतर पोट शांत राहतं, किती वाजता खाल्लं की सकाळी हलकं वाटतं, सगळं वहीत लिहून, पारखून ठेवलं. मऊ भात, उकडलेले बटाटे, पाव, अंडी, केळी. मसाला नाही, दूध नाही. दूध मला चालतच नाही. टपालवालीने आणि मी मैदानालगतच्या लॉजमधली एक खोलीही बघून ठेवली होती.

मग नवऱ्याने ताईंना फोन केला.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. माणूस वाईट नाही, पण ज्या घरात शिरतील ते घर त्यांचं होतं. "समुद्रावर चाललीय आणि एकटीच?" असं त्या म्हणाल्या, आणि तीन दिवसांत माझ्या शर्यतीची सहल झाली. ताई, त्यांचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, माझा नवरा आणि माझी एकोणीस वर्षांची लेक. गाडी दाजींची. घर शोधलं नवऱ्याने. टपालवालीला मी सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "खोली मी ठेवतेच. दोन खाटांची आहे."

शुक्रवारी दुपारी आम्ही पोचलो. पिशव्या उतरवल्या. मी माझी पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेले, सामान एका कप्प्यात लावलं आणि फ्रिजच्या दारावर एक कार्ड चिकटवलं. अगदी इस्पितळातल्यासारखं. शुक्रवारी रात्री काय, शनिवारी सकाळी काय, दुपारी एक वाजता काय, संध्याकाळी साडेसहाला काय आणि रविवारी पहाटे चारला काय. खाली लिहिलं, 'दूध नको. यातलं दुसऱ्या कुणी घेऊ नये.'

ताईंनी कार्ड चष्मा वर करून वाचलं. "वा, मेनूच लागला की," त्या म्हणाल्या.

सगळे हसले. मीही हसले. कशाला हसले कोण जाणे.

संध्याकाळी मी माझ्यापुरता भात टाकायला गेले तर नवरा दारात येऊन म्हणाला, "टाकतेच आहेस तर चार मुठी जास्त टाक ना. प्रवासाने सगळे दमलेत." चार मुठींना काय लागतं? मी टाकल्या. मग नुसता भात ते कसे खाणार, म्हणून भाजी केली. भाजी फोडणीची हवी, म्हणून माझी वेगळी. दाजींना रात्री पोळी लागते. लेकीला अंडं हवं होतं. आठ वाजता सगळे जेवून व्हरांड्यात वाऱ्यावर बसले आणि मी ओट्याशी उभ्याने माझा गार भात खाल्ला. उद्या पाय वर करून पडून राहायचंच आहे, म्हणून स्वतःची समजूत घातली.

शनिवारी सकाळी पाच जणांचा नाश्ता झाला. माझी अंडी सहा होती, दोन उरली. मग मी मैदानावर जाऊन छातीवर लावायचा नंबर घेऊन आले. तिथे टपालवाली भेटली, माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "डोळे ओढलेत तुझे. पाय वर कर जाऊन."

घरी आले तर ओट्यावर मासळी. तीन किलो. न साफ केलेली, कागदात गुंडाळलेली, खालून पाणी गळत होतं. दाजी मोठ्या अभिमानाने शेजारी उभे. "ताजी आहे बघ, डोळे कसे चकाकताहेत. म्हटलं, तुझ्या हातचं होऊन जाऊ दे."

"दाजी, मला आज उभं राहायचं नाहीये," मी म्हणाले. "उद्या पळायचंय."

"अगं, अर्ध्या तासाचं काम. तुला काय, दोनशे माणसांची सवय."

ताई खुर्चीतून म्हणाल्या, "मी केलं असतं गं, पण मला कच्च्या वासाने मळमळतं. खाताना काही होत नाही."

नवरा वर्तमानपत्रात होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने पान उलटलं.

इथे तुम्ही मला विचाराल, मग नाही का म्हटलं नाहीस? तोंड शिवलं होतं का? मीही स्वतःला तेच विचारत होते, खवले काढताना, पोटं चिरताना, नळाखाली धुताना. कामावर मी वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांना तोंडावर सांगते, कार्ड बदला, मग ताट बदलेन. आणि इथे माझ्या हातात सुरी, समोर तीन किलो मासळी, आणि मी निमूट. राग तेव्हापासूनच येत होता, पण तो अजून माझ्यावरच होता. अर्धा तास कसला, दोन तास उभी होते. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या.

अडीच वाजता सगळे जेवून समुद्रावर निघाले. मला मात्र एक काम अजून करायचं होतं. संध्याकाळचा माझा मऊ भात आणि बटाटे मी तेव्हाच करून ठेवले, म्हणजे उठल्यावर ओट्याशी जायला नको. पातेल्यावर ताट झाकलं. पहाटेची केळी आणि पाव फ्रिजवर पिशवीत बांधून ठेवले. मग खोलीत जाऊन दोन उशांवर पाय ठेवले आणि झोपले.

जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. साडेपाच वाजले होते. बाहेर आले. चौघं टेबलाभोवती बसलेली, पायांना वाळू, केस ओले. टेबलावर रिकाम्या वाट्या. माझं पातेलं बेसिनमध्ये पाणी घालून भिजत ठेवलं होतं.

मी पातेल्याकडे बघितलं. मग फ्रिजवर बघितलं. पिशवी नव्हती.

"भात कुठाय?" मी विचारलं.

"अगं, समुद्रावरून आलो ते वखवखूनच आलो," ताई म्हणाल्या. "तुझा भात अगदीच गिजका झाला होता. आम्ही त्यात दुपारचं कालवण घालून संपवला. तू ताजा टाकशीलच की."

"आणि केळी?"

"काळी पडायला लागली होती ती. दुधात कुस्करली, वर साखर घातली. तुझी वाटीभर ठेवलीय बघ."

दुधात. एकवीस किलोमीटर पळायच्या आधी. कार्डावर लिहिलेलं होतं, आणि कार्डाची तरी काय गरज? दूध मला चालत नाही हे त्या घरातल्या प्रत्येकाला वर्षानुवर्षं माहीत आहे. चहा मी काळा पिते, तो कुणाला दिसत नाही असं थोडंच आहे?

"कार्ड वाचलं नाहीत तुम्ही?"

"वाचलं की," दाजी हसत म्हणाले. "दर वेळी वाचतो. आता काय मिळणार ते बघायला."

माझी लेक फोनमध्ये बघत वाटी चाटून पुसून संपवत होती. वर न बघता म्हणाली, "आई, एवढं काय त्यात? केळीच तर आहेत."

नवरा म्हणाला, "पहाटे उठणारच आहेस ना? तेव्हा टाक भात. त्यासाठीच तर स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं. तुझ्या पथ्यासाठी."

आणि तेव्हा दाजी बोलले. त्यांच्या मनात काही नव्हतं, ते नेहमी असेच बोलतात, पोटात एक ओठात एक नाही. "तिच्या पथ्याचं कसलं सांगतोस? तूच म्हणाला होतास ना मला फोनवर, बाहेरच्या खाण्याने माझं पोट बिघडतं, ती बरोबर असताना हॉटेलात कशाला जेवायचं म्हणून. आम्ही हॉटेलच बघत होतो. हिने खोल्यासुद्धा पसंत केल्या होत्या."

ताईंनी त्यांना कोपराने ढोसलं. उशीर झाला होता.

मी नवऱ्याकडे बघत राहिले. त्याचे कान लाल झाले. तो म्हणाला, "तसं नाही. दोन्ही सोयी झाल्या असत्या, एवढंच."

"कुणाच्या दोन्ही सोयी?"

"आता शब्दात नको पकडू."

लग्न झाल्यापासून मी नवऱ्याला अहो-जाहो करते. भांडणातसुद्धा. त्या संध्याकाळी तोंडातून निघालं ते वेगळंच निघालं.

"तू माझ्याशी खोटं बोललास," मी म्हणाले. "मला आनंद झाला होता. तुला दिसत होतं मला आनंद झालाय, आणि तू गप्प बसलास. आठ महिने मी पहाटे उठून पळते आणि परत येऊन तुझा डबा करते. एक दिवस, फक्त एक दिवस मला माझं जेवण माझ्या वेळेला हवं होतं. तेसुद्धा मी स्वतःच करून ठेवलं होतं. कुणी करा म्हटलं नव्हतं. नुसतं खाऊ नका म्हटलं होतं."

ताईंचा चेहरा असा झाला होता, जणू मी नवऱ्याच्या थोबाडीत मारली होती. खोटं बोलण्यापेक्षा त्यांना माझं 'तू' जास्त लागलं.

"मोठ्यांसमोर ही काय भाषा?" त्या म्हणाल्या.

"ताई, तुम्ही मोठ्या आहात," मी म्हणाले. "तुम्हाला वाचताही येतं. कार्डावर लिहिलं होतं. माझ्या इस्पितळात कुणी पेशंटच्या ताटातलं खाल्लं तर त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाहीत."

"तू काय पेशंट आहेस?"

"नाही. म्हणूनच तुम्ही खाल्लंत."

मी खोलीत गेले. बूट, मोजे, नंबर, उद्याचे कपडे, टूथब्रश. दोन मिनिटांत पिशवी भरली. पिशवीची नाडी तिसऱ्या खेपेला बसली. नवरा दारात उभा राहिला. "कुठे चाललीस? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? इथे आपल्याला ओळखतं कोण?"

"बरं, गाडीने सोडतो."

"नको."

लेक व्हरांड्यापर्यंत आली. आता तिच्या हातात फोन नव्हता. "आई, मी आणून देते ना केळी. लगेच जाते."

तिच्यावर ओरडायचं नव्हतं मला. पण तिचंच बोलणं सगळ्यात जास्त लागलं होतं. बाकीच्यांचं काय, ते मला चोवीस वर्षांपूर्वी मिळाले. हिला तर मी वाढवली. ही माझ्याबरोबर दुकानात आली होती ती केळी घ्यायला. फार पिकलेली नकोत, रविवारपर्यंत टिकायला हवीत, म्हणून मी एकेक फणी उलटसुलट करत होते आणि ही कंटाळून उभी होती. मी म्हणाले, "तुला माहीत होतं ती कशाची आहेत." ती रडवेली झाली. मी थांबले नाही.

निम्म्या रस्त्यापर्यंत मी चालतच गेले, इतक्या जोरात की एक कुत्रं उठून बाजूला झालं. मग शुद्धीवर आले. पाय उद्यासाठी हवे होते. बस मिळाली, बसले. खिडकीतून समुद्र दिसत होता आणि मला त्या समुद्राचाही राग येत होता, कारण शुक्रवारपासून मी तो पहिल्यांदाच बघत होते.

टपालवालीने दार उघडलं, माझ्या हातातली पिशवी बघितली, आणि एक अक्षर न विचारता म्हणाली, "साडेसहाला जेवायचं आहे ना तुला? चल. दहा मिनिटं आहेत."

लॉजच्या खालीच एक छोटी खानावळ होती. टेबलांवर आमच्यासारखेच लोक, कुणी मोज्यांत, कुणी चपलेत, सगळ्यांच्या ताटात तेच पांढरं, बेचव, शहाणं अन्न. टपालवालीने सकाळीच सांगून ठेवलं होतं. एकीचं सांगितलं होतं, आता दोघींचं झालं. मालकीणबाईंनी विचारलं, "भात मऊ हवा की मोकळा? मीठ किती? दूध-दही चालतं का?" तिसऱ्या प्रश्नाला मी तोंड उघडायच्या आतच टपालवालीने उत्तर दिलं, "हिला दूध नको."

सवयीने मी पाण्याचा तांब्या आणायला उठले. मालकीणबाई पलीकडून म्हणाल्या, "तुम्ही बसा हो. पाणी मी आणते."

मी बसले. भात आला, वाफेचा. बटाटे आले, वर नुसतं मीठ. असं वाटेल की मला तेव्हा भरून आलं असेल. नाही आलं. प्रत्येक घासाला राग चढत गेला. ज्या बाईने मला पूर्वी कधी बघितलं नव्हतं, तिला तीन प्रश्न विचारून दहा मिनिटांत कळलं की मी काय खाते. इतकंच होतं ते. तीन प्रश्न. माझ्या घरात चोवीस वर्षांत ते कुणी विचारले नव्हते, आणि मीही ते न विचारता सगळ्यांची उत्तरं पाठ करून बसले होते. दाजींना रात्री पोळी लागते. हे मला का माहीत असावं?

"रागावून जेवू नकोस," टपालवाली म्हणाली. "अपचन होईल."

"मग काय करू रागाचं?"

"ठेव. नासत नाही तो. पण उद्या पायात घालू नकोस. लवकर संपतो आणि तुला पण संपवतो."

ती खरं बोलत होती आणि मी ऐकलं नाही. पहाटे टपालवालीच्या पिशवीतली केळी, पाव, मध, सगळं वेळेवर पोटात गेलं. पोट इतकं शांत होतं की जणू ते माझं नव्हतंच. शिट्टी वाजली आणि मी सुटले. पहिले पाच किलोमीटर अशी पळाले, जणू त्या घराला आग लावून निघाले होते. टपालवाली मागे राहिली. एकेक माणूस मागे टाकताना मनात म्हणत होते, ही मासळी, ही पोळी, हे दूध. बारावा किलोमीटर आला तेव्हा मला पेट्रोलपंप आठवला. पोटाने हूं की चूं केलं नाही. एवढ्यासाठी तरी मी त्या खानावळीची ऋणी आहे.

पण पंधराव्याला पाय गेले. रागही गेला होता. इंधन दोन्हीकडचं एकदम संपलं. पोटऱ्यांत कालच्या ओट्याशी उभं राहिलेले दोन तास उतरले. चालले, पळाले, परत चालले. सतराव्याला टपालवाली आली, पोस्टाच्या चालीने, एकसारखी. "म्हटलं नव्हतं?" एवढंच म्हणाली आणि माझ्या बाजूने पळत राहिली. मी म्हणाले, तू जा पुढे. ती म्हणाली, "टपाल पोचवायचं असतं, वेळेवर नाही तर उशिरा."

दोन तास एकतीस मिनिटं. मला सव्वादोन तासांत यायचं होतं. आठ महिने त्याची तयारी केली होती आणि ते जमलं असतं, हे मला आजही ठाऊक आहे. सोळा मिनिटं. ती मी कुणाला माफ केलेली नाहीत, आणि त्यातली निम्मी माझ्याच नावावर आहेत.

गळ्यात पदक घातलं कुणीतरी. गवतावर बसले, बूट काढले. तेवढ्यात नवरा गर्दीतून वाट काढत आला. त्याने दाढी केली नव्हती. दोन क्षण माझ्या पदकाकडे बघून तो म्हणाला, "झालं ना नीट?"

"झालं."

"मग चल. सगळे थांबलेत."

"कशाला थांबलेत?"

तो घुटमळला. "म्हणजे, नाश्ता व्हायचाय अजून. आणि ताईला फार वाईट वाटलंय. तू येऊन जरा बोल तिच्याशी. मग निघूच जेवण करून."

जेवण करून. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला जाणवलं की त्याला खरंच कळलेलं नाही. तो दुष्टपणा करत नव्हता. दुष्टपणा असता तर परवडलं असतं.

"करून म्हणजे कोणी करून?" मी विचारलं.

आता त्यालाही राग आला. "किती ताणशील? चुकलं म्हणतोय ना मी. चार केळ्यांवरून तू सगळ्यांची सहल घालवलीस."

"तू चुकलं म्हणालाच नाहीस," मी म्हणाले. "आत्ता म्हणालास तेसुद्धा मी ताणते हे सांगण्यासाठी. आणि सहल तुमची होती. मी पळायला आले होते. मी उद्या बसने येईन. आज इथे राहणार, समुद्र बघणार, आणि दुसऱ्याने वाढलेलं जेवणार."

आजूबाजूचे लोक बघत होते. कुणी केळं सोलता सोलता थांबलं होतं. नवरा खालच्या आवाजात म्हणाला, "घरी येऊन बोलू."

"बोलू," मी म्हणाले. तो गेला.

त्या दिवशी मी दोनदा जेवले आणि दोन्ही वेळा ताट जागेवरच ठेवून उठले. टपालवाली म्हणाली, "शिकलीस." संध्याकाळी आम्ही पाण्यात पाय बुडवून बसलो. लेकीचा मेसेज आला, 'आई, किती वेळ लागला?' मी लिहिलं, 'दोन एकतीस.' मग आलं, 'सॉरी. मी कार्ड वाचलं होतं.' बरं आहे, असं लिहिणार होते, पण बरं नव्हतं. मी लिहिलं, 'उद्या येते.'

सोमवारी संध्याकाळी सहाला घरी पोचले. जिना उतरताना लागतो त्यापेक्षा चढताना कमी लागतो, हे शर्यतीनंतरच कळतं. नवरा बाहेरच्या खोलीत बसला होता. ताईंनी गाडीत कुणाशी शब्द काढला नाही, असं त्याने मला सांगितलं. जणू हवामान सांगावं तसं. मी पिशवी ठेवली आणि त्याच्या समोरच्या खुर्चीत बसले. पंखा फिरत होता.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "जेवायला काय आहे?"

"मीही तेच विचारणार होते," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी उठले नाही. पाच मिनिटं गेली असतील. शेवटी तो उठला, स्वयंपाकघरात गेला. कपाटांची दारं उघडल्याचे, बंद केल्याचे आवाज आले. "छोटं पातेलं कुठाय?" त्याने आतून विचारलं. मी सांगितलं नाही. ते त्याच्या समोरच होतं. लेक खोलीतून बाहेर येऊन दारात उभी राहिली, तिने माझ्याकडे बघितलं, बापाला मदत करायला आत जाऊ की नको असं. मी खांदे उडवले. ती आत गेली.

वीस मिनिटांनी तो अंडी घेऊन आला. उकडलेली, सोलताना निम्मं टरफल अंड्याला चिकटून राहिलं होतं, आणि आत बलक पाण्यासारखा वाहत होता. मीठ आणलं नव्हतं. त्याने ताटली माझ्यासमोर ठेवली आणि उभा राहिला, काहीतरी ऐकायची वाट बघत.

"मीठ," मी म्हणाले.

तो मीठ आणायला गेला.